उपकाराची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनी मी चार शब्द सांगावेत अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. सारा जन्म पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवण्यात गेला. मोठ्या माणसांपुढे बोलायची मला सवय नाही. पण चिटणीसबाई ऐकेनात. त्या म्हणाल्या, "तुमच्या धर्मात दयेबद्दल पुष्कळ सांगितले आहे, तेच सांगा. फक्त प्रवचन नको." तेव्हा प्रवचन न करण्याच्या बोलीवर मी उभी राहिले आहे. कुठे घसरले तर आपण मला खुशाल थांबवावे.

हा विषय मला का सुचला, ते आधी सांगते. मागच्या बैठकीत आपल्या मदतपेटीचा प्रश्न निघाला होता. एका भगिनीला औषधपाण्यासाठी आपण पेटीतून रक्कम दिली, पण पुढे ती हळदीकुंकवाला आली नाही, सभेला आली नाही, रस्त्यात भेटली तर मान खाली घालून जाते. त्यावरून कोणी म्हणाले, "यापुढे जी मंडळात येते-जाते तिलाच द्यावे." पुष्कळ माना डोलल्या. खरे सांगायचे तर माझीही मान त्यांत होती. घरी आल्यावर मात्र मला झोप लागली नाही. आजचे हे बोलणे म्हणजे त्या डोललेल्या मानेबद्दल मी आपल्यापुढे दिलेली कबुली आहे असे समजा.

आपल्याकडे लग्नकार्यात अहेराची वही असते. कोणी किती पाकीट दिले, कोणी कसले लुगडे नेसवले, हे घरातली एखादी हुशार मुलगी ओटीवर बसून लिहीत असते. पुढे त्या घरी कार्य निघाले की ती वही काढायची आणि त्याच मापाने अहेर न्यायचा. मी या वहीला नावे ठेवीत नाही. देणेघेणे सांभाळल्याने नाती टिकतात. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढायला हात लावला की वाटा मिळतो, न लावणाऱ्याने तो मागू नये, हेही न्यायाचेच. व्यवहाराला वही हवी. पण ही अहेराची वही आपण नकळत स्वयंपाकघरात नेतो, शेजारणीच्या आजारपणात नेतो, मदतपेटीतही नेऊन ठेवतो. मग दया कुठे संपते आणि उधारी कुठे सुरू होते, ते आपल्यालाही कळत नाही.

माझीच गोष्ट सांगते. मी नोकरीला नवी होते तेव्हा आमच्या शेजारी एक कुटुंब भाड्याने राहत असे. घरधनी बोटीवर, घरात म्हातारे कोणी नाही, आणि बाईला बाळंतपणानंतर ताप धरला. आमची माय आणि मी मिळून महिनाभर त्या घरी पेज पोचवली, लंगोट धुतले, रात्री मूल पायांवर घेतले. ती बरी झाली. पुढे एके दिवशी शाळेतून येऊन पाहते तर दाराला कुलूप. सगळे मुंबईला गेलेले. निरोप नाही, पत्र नाही. त्या बाईने ओसरीवर उभे राहून "येते" एवढे तरी म्हणायचे होते, असे मला फार वाटले. नुसते वाटले असते तर ठीक होते. पण मी ते विहिरीवर सांगितले, शाळेत सांगितले, पुढे कित्येक वर्षे सांगत राहिले. "मी तिचे एवढे केले, पण माणसे कशी असतात बघा," असा माझा पाठच झाला होता.

एकदा हा पाठ चालू असताना माय सूप टाकून म्हणाली, "पेज दिलंस की उधार दिलंस?"

मी गप्प झाले. माय चौथीपर्यंतसुद्धा शिकलेली नव्हती. पण त्या दिवशी तिने माझी वही बरोबर पकडली. उपकार एक महिन्याचा आणि त्याचे व्याज मी वीस वर्षे वसूल करीत होते. तेही त्या बाईकडून नव्हे, ऐकणाऱ्यांकडून. "तुम्ही किती चांगल्या," असे कोणी म्हटले की माझी वसुली होत असे.

आता आमच्या धर्मात काय सांगितले आहे ते थोडक्यात सांगते. प्रभू येशू एकदा एका परूशी पुढाऱ्याच्या घरी जेवायला गेला होता. तिथे मानाच्या जागांसाठी चाललेली चढाओढ पाहून त्याने यजमानाला जे सांगितले, त्याचा आशय असा : मेजवानी करशील तेव्हा मित्र, भाऊ, नातलग आणि सधन शेजारी यांना बोलावू नको, कारण ते उलट तुला बोलावतील आणि फिटंफाट होईल. त्यापेक्षा गोरगरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. त्यांच्याजवळ परत द्यायला काही नाही, यातच तुझे भाग्य आहे. त्याची फेड देव पुनरुत्थानाच्या दिवशी करील.

इथे एखादी चतुर भगिनी मला अडवील आणि म्हणेल, "म्हणजे फेड आहेच की! इथे नाही तर स्वर्गात." हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला मत्तयाच्या शुभवर्तमानात सापडले. तिथे न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. राजा नीतिमान लोकांना म्हणतो की मी भुकेला होतो, तुम्ही मला जेवू घातले. तेव्हा ते लोक आनंदाने पुढे येऊन "होय, आमच्या वहीत लिहिले आहे" असे म्हणत नाहीत. ते गोंधळतात. आम्ही तुला कधी जेवू घातले, असे उलट राजालाच विचारतात. त्यांना आठवतच नाही! स्वर्गाचा हिशेब ज्यांनी ठेवला होता असे ते लोक नव्हतेच. ज्यांची वही कोरी होती, तीच माणसे राजाच्या उजव्या हाताला उभी होती.

दुसरी गोष्ट दहा कुष्ठरोग्यांची. येशूने दहांना बरे केले, त्यांतला एकच आभार मानायला परत आला आणि तोही परक्या जमातीचा, शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले. म्हणजे कृतघ्नपणा त्यालाही बोचला. पण मैत्रिणींनो, त्या नऊ जणांचे कोड परत आले असे कुठेही लिहिलेले नाही. ते बरे झाले ते झालेच. मी मदतपेटीच्या बैठकीत मान डोलावली, तेव्हा मी त्या नऊ जणांचा रोग त्यांना परत देत होते.

पण ही सारी दूरदेशीची गोष्ट झाली. आपल्या महाराष्ट्रात, आपल्याच भाषेत याचे मोठे उदाहरण आहे, ते पंडिता रमाबाईंचे. त्यांचे नाव आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पण त्यांच्या लहानपणचा एक प्रसंग फारसा कोणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष सोसला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे होते ते दानधर्मात आणि पोटात गेले, आणि भीक मागायची किंवा मोलमजुरी करायची त्यांना सवय नव्हती. आधी वडील गेले, मग थोड्याच काळात आई गेली. आईचे प्रेत न्यायला खांदेकरी मिळेनात. स्मशान काही मैलांवर. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, मोठा भाऊ आणि रमाबाई अशा चौघांनी तिरडी उचलली. रमाबाई ठेंगण्या, खांदा पुरेना, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला.

मला त्या दोन ब्राह्मणांबद्दल नेहमी वाटते. त्यांची नावे इतिहासात नाहीत. अनाथ, भुकेकंगाल बहीण-भावंडांकडून त्यांना काय मिळणार होते? दक्षिणा नाही, जेवण नाही, गावात नावलौकिकही नाही. ते आले, खांदा दिला आणि आपल्या घरी गेले. पुढे ही मुलगी कोण होणार हे त्यांना कळलेही नसेल. आणि रमाबाईंनी ते ऋण त्यांना फेडायचे म्हटले असते तरी कुठे शोधणार होत्या?

त्यानंतर ही भावंडे पायी उत्तरेपर्यंत गेली. रानातली फळे आठळीसकट गिळून राहिली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत निजली आणि वरून कोरडी वाळू ओढून घेतली. पुढे कलकत्त्याला विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भाऊ गेला, लग्न झाले, दोन वर्षांच्या आत पतीही गेला, पदरी लहानगी मनोरमा राहिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनावर कशाचा परिणाम झाला, ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. लंडनमध्ये मठातल्या भगिनी वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांची सेवा करीत होत्या. अशा बायकांना कोणी मायेने वागवते, हे रमाबाईंनी तोपर्यंत कुठे पाहिले नव्हते. या भगिनी असे का करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई यांची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली.

१८८९ मध्ये मुंबईला त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला नेले. सदनाची पहिली विद्यार्थिनी आपल्या कोकणातलीच, देवरुखची गोदूबाई, बालविधवा. याच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे रस्त्यावर मरत आहेत, असे ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. तिथे हाडे वर आलेल्या मुली पाहिल्या तेव्हा त्यांना स्वतःचे ते दिवस आठवले. सुमारे ३०० मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्याला प्लेगचे कडक निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या आणि तिथली संख्या २००० च्या जवळ गेली. बैठकीत आपण एका बाईच्या औषधाचा खल तासभर केला, हे आठवून या आकड्याकडे बघा.

आणि त्या मुलींना त्यांनी नुसते जेवू घालून ठेवले नाही. विणकाम, शेती, शिवण, छापखान्याचे काम शिकवले. अंध स्त्रियांना बोटांनी वाचायला शिकवले. ज्याला दिले त्याला कायम याचक ठेवायचे, म्हणजे आपली दातृत्वाची खुर्ची पक्की, असा एक सूक्ष्म लोभ देणाऱ्याला असतो. रमाबाईंना तो नव्हता. घेणारी आपल्या पायांवर उभी राहून उद्या आपल्याला विसरली तरी चालेल, अशा तयारीनेच त्या देत होत्या.

इथे मी एका अवघड जागी आले आहे. ती टाळून पुढे गेले तर आपण मला लबाड म्हणाल, आणि ते खरे होईल. आपल्यापैकी कोणाच्या तरी मनात आलेच असेल की, "ख्रिस्ती लोक दया करतात, पण त्यामागे धर्म वाढवण्याचा हेतू असतो." हा आक्षेप रमाबाईंवरही आला. शारदा सदनात धर्माची सक्ती असणार नाही असे ठरलेले होते. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पुढे केडगावची संस्था तर उघड ख्रिस्ती होती आणि तिथल्या पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला. हे मी झाकून ठेवीत नाही.

मी ख्रिस्ती आहे आणि ख्रिस्ती म्हणूनच सांगते. परतफेड केवळ पैशांची नसते. "माझी भाकरी खाल्लीस, आता माझ्या देवळात ये," हीसुद्धा परतफेडच आहे. अशी अट घालून दिलेली भाकरी ही विकलेली भाकरी. आमच्यापैकी कोणी तसे केले असेल, तर त्याने आमच्या प्रभूचे ऐकले नाही असे मी म्हणेन. येशूच्या दृष्टांतातला तो चांगला शोमरोनी आठवा. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला त्याने उचलले, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले. पण त्याला नेले कुठे? आपल्या मंदिरात नव्हे, धर्मशाळेत. तिथल्या माणसाला दोन नाणी दिली, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. जखमी माणूस पुढे कोणत्या मंदिरात गेला, त्याने आभार मानले की नाही, याबद्दल कथेत एक अक्षर नाही. आणि आनंदीबाई कर्वे रमाबाईंच्या घरात राहून शिकल्या, पण धर्माने हिंदूच राहिल्या. कर्व्यांच्या बरोबरीने त्यांनी विधवांसाठी जन्म वेचला, अनाथ बालिकाश्रमासाठी वर्गणी गोळा करीत हिंडल्या. रमाबाईंनी दिलेले असे दुसऱ्याच घरी जाऊन उगवले. मला तर त्यातच त्या देण्याची शोभा वाटते.

आता आपल्या घराजवळचे बघू. वेंगुर्ल्याचा अमेरिकन मिशनचा दवाखाना आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होता. तिथे डॉ. गोहीन नावाचे मिशनरी डॉक्टर होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि १९७७ ते १९८० या काळात त्या देशाचा भारतातला राजदूत होता. अशा दवाखान्यात ज्यांचे प्राण वाचले, त्यांतले कोण ते ऋण फेडायला अमेरिकेला जाणार होते? असले ऋण मागे फिटत नाही, ते पुढे फेडायचे असते. आपल्या नद्या सह्याद्रीकडून समुद्राकडे वाहतात. खालच्या गावाने वरच्या गावाला पाणी परत द्यायचे नसते, आणखी खालच्या गावाला जाऊ द्यायचे असते. त्या दोन ब्राह्मणांचा खांदा रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या मुलींना दिला.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. अंगावर आले ते १६ मे २०२१ ला. तौक्ते वादळाचा तो दिवस आपण कोणी विसरलेल्या नाही. करोनाचा काळ. कोणी कोणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकीत नव्हते. माझ्या मागल्या पडवीची कौले उडाली, माडाची झावळी आत येऊन पडली आणि पावसाचे पाणी थेट धान्याच्या डब्यांवर. घरात मी एकटी. वारा जरा उतरला तोच पलीकडल्या वाडीतली एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. तिची-माझी ओळख जेमतेम. तिच्या घरी कार्याला मी कधी गेलेली नाही, तिच्या मुलाला मी शिकवलेले नाही. माझ्या वहीत तिचे नावच नव्हते. मुलगा वर चढला, दोघांनी मिळून ताडपत्री ओढली. मी पाकीट घेऊन बाहेर आले, तर ती म्हणाली, "पैशे नको, बाई. दोरी आसा तर दिया."

मी दोरी दिली. ताडपत्री बांधून ती गेली, कारण तिचे स्वतःचे छप्पर अजून उघडे होते.

ती भगिनी आज या सभेत बसली आहे. तिचे नाव घेतले तर ती उठून जाईल, म्हणून घेत नाही. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये, असे आमच्या शास्त्रात आहे, आणि हे शास्त्र तिने न वाचताच पाळले.

त्या रात्री वीज नव्हती. अंधारात पडल्यापडल्या मला मुंबईला निघून गेलेली ती शेजारीण आठवली. पहिल्यांदाच माझ्या मनात आले की ती निरोप न घेता गेली, ती कदाचित लाजेने गेली असेल. ज्याने आपले लंगोट धुतले त्याच्यासमोर उभे राहणे सोपे नसते. घेणाऱ्याचा हात खाली असतो, आणि तो खाली असल्याची जाणीव त्याला क्षणोक्षणी असते. आपल्या मदतपेटीतून रक्कम घेतलेली भगिनी मान खाली घालून जाते, ती कृतघ्न म्हणून जाते असे आपण कशावरून ठरवले? आपण हळदीकुंकवाला तिची वाट पाहत होतो, आणि आपण वाट पाहत आहोत हे ठाऊक असल्यामुळेच ती आली नसेल.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, मदतपेटीतून दिलेल्या रकमेचा हिशेब चोख ठेवावा, पण घेणारीचे नाव अहवालात किंवा सभेत वाचू नये. दुसरी, देताना मोबाइलवर फोटो काढू नये. वर्धापनदिनाचे फोटो काढावेत, पण कोणाच्या अडचणीचे काढू नयेत. तिसरी, गरज खरी आहे की नाही याची चौकशी अवश्य करावी, कारण पेटीत आपल्या भगिनींच्या घामाचे पैसे आहेत आणि दया म्हणजे भोळसटपणा नव्हे. पण चौकशी गरजेची करावी. आभाराची, हजेरीची, जातीधर्माची करू नये.

आणि एक काम मी स्वतःकडे घेते. त्या भगिनीकडे मी उद्या जाणार आहे. मदतीबद्दल एक शब्द काढणार नाही. तिच्या परसातल्या अबोलीची चार रोपे मागून आणणार आहे. तिच्याजवळही देण्यासारखे काही आहे, हे तिला कळले तर कदाचित तिची मान आपोआप वर होईल. आणि नाही झाली, ती आलीच नाही, तरी पुढच्या वेळी तिच्या औषधाला माझा हात पेटीत पहिला जावा, एवढी बुद्धी देवाने मला द्यावी.